मालमत्ता फिरवून हात वर करणाऱ्या ऋणकोविरुद्ध नादारीचा अर्ज: खानदेशातील घेणेकऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

खानदेशातला मालाचा व्यवहार आजही बव्हंशी उधारीवर आणि शब्दावर चालतो. रावेर-सावद्याकडचा केळी उत्पादक गाडी भरून देतो आणि पट्टीचे पैसे नंतर घेतो. धरणगाव-चोपड्याकडचा शेतकरी जिनिंगवर कापूस टाकतो आणि भाव नंतर ठरवू म्हणतो. जळगावच्या एमआयडीसीतला चटई कारखानदार प्लास्टिकचा दाणा उधारीवर उचलतो. बहुतेक वेळा हे सुरळीत चालते. एखाद्या वर्षी मात्र व्यापाऱ्याचा फोन लागेनासा होतो, गाळ्याला कुलूप दिसते आणि चौकशी केल्यावर कळते की त्याचे गोदाम महिनाभरापूर्वीच मेहुण्याच्या नावावर गेले आहे.

अशा वेळी घेणेकरी पोलीस ठाण्यात तक्रार देतात, न वटलेल्या धनादेशाची फिर्याद दाखल करतात किंवा गावातल्या वजनदार माणसाला मध्यस्थी घालतात. या तिन्ही मार्गांचा उपयोग आहे, परंतु मेहुण्याच्या नावावर गेलेले गोदाम परत आणून सगळ्या घेणेकऱ्यांत वाटून देणे हे त्यांपैकी एकाचेही काम नाही. ती सोय नादारीच्या, म्हणजे देणी फेडू न शकणाऱ्यांविषयीच्या, कायद्यात आहे. ती फारशी वापरली जात नाही, कारण या कायद्याच्या मुदती अत्यंत कडक आहेत आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारण्यात त्या उलटून जातात. पुढील विवेचनात कलमांइतकेच तारखांवर लक्ष ठेवावे, ही वाचकांना विनंती.

ऋणको नेमका कोण आहे, हे आधी ठरवा

बिलावरचे नाव आणि कायद्याच्या दृष्टीने देणेकरी असलेली व्यक्ती ही दोन्ही एकच असतील असे नाही. ‘अमुक ट्रेडर्स’ ही एका माणसाची मालकी पेढी असू शकते, भागीदारी असू शकते किंवा एकत्र कुटुंबाचा धंदा असू शकतो. वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर बिलावरचा जीएसटी क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, व्यवसायाचे स्वरूप आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली हे विनाशुल्क दिसते. भागीदारी नोंदणीकृत असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडून भागीदारांच्या नावांचा उतारा मागवावा. एखादा भागीदार ‘मी केव्हाच बाहेर पडलो’ असे सांगत असेल, तर त्याच्या निवृत्तीची जाहीर सूचना रीतसर दिली होती का, हे त्यातून तपासता येते. तशी सूचना दिलेली नसेल तर त्रयस्थांच्या दृष्टीने त्याची जबाबदारी सहसा सुटत नाही.

व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांना आजही प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० लागू आहे. नादारी आणि दिवाळखोरी संहिता, २०१६ आल्यावर जुना कायदा संपला असा समज वकिलांच्या खोल्यांतही आढळतो. प्रत्यक्षात संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग, १ डिसेंबर २०१९ पासून, केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता अमलात आणला गेला आहे. इतर व्यक्तींसाठी १९२० चाच कायदा चालतो, आणि त्याचा अर्ज मुंबईला न करता जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात करायचा असतो. राज्य शासनाने अधिसूचनेद्वारे दुय्यम न्यायालयाला हे अधिकार दिलेले असतील तर तेथे अर्ज करावा लागतो. ऋणको जेथे नेहमी राहतो, धंदा करतो किंवा कामधंद्यासाठी असतो, तेथील न्यायालयाला अधिकार असतो.

देणेकरी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर मात्र १९२० चा कायदा उपयोगी पडत नाही. तेव्हा संहितेखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, मुंबई पीठाकडे जावे लागते. थकबाकी किमान १ कोटी रुपयांची असावी लागते. २४ मार्च २०२० पूर्वी हीच मर्यादा १ लाख होती, त्यामुळे जुने लेख वाचून कोणी निघाले असेल तर त्याने येथेच थांबावे. माल पुरवणाऱ्याने आधी मागणीची नोटीस द्यायची, दहा दिवस वाट पाहायची आणि मग अर्ज करायचा. मालाच्या प्रतीबद्दल किंवा वजनाबद्दल नोटिशीच्या आधीपासून खरा वाद असल्याचे कंपनीने दाखवले तर अर्ज फेटाळला जातो. शिवाय मालाच्या घेणेकऱ्यांना आपापल्या रकमा एकत्र करून १ कोटीचा आकडा गाठता येत नाही. लहान पुरवठादारांसाठी त्यामुळे व्यवहार्य मार्ग हाच उरतो की, बँकेने किंवा एखाद्या मोठ्या घेणेकऱ्याने कंपनी एनसीएलटीत नेली की जाहीर सूचनेकडे लक्ष ठेवावे आणि ठरलेल्या नमुन्यात आपला दावा त्या कंपनीचा कारभार पाहण्यासाठी नेमलेल्या नादारी व्यावसायिकाकडे मुदतीत दाखल करावा. त्यानंतर संचालकांनी आधीच्या काळात मालमत्ता स्वस्तात काढून दिली असेल किंवा फसवणुकीच्या हेतूने धंदा चालवला असेल, तर ते व्यवहार उघडे पाडण्याची जबाबदारी त्या व्यावसायिकावर असते.

पतसंस्था किंवा सहकारी संस्था बुडाली असेल तर वरील दोन्ही मार्ग बंद आहेत. तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली अवसायक, म्हणजे संस्थेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी, नेमला जातो, आणि ठेवी बुडवल्या असतील तर ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा १९९९ चा राज्य कायदा, म्हणजे एमपीआयडी, लागू होऊ शकतो. जळगाव जिल्ह्यातील ठेवीदारांना या दोन्हींची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. येथून पुढचा मजकूर व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांपुरता आहे.

केवळ ‘पैसे बुडवले’ पुरेसे नाही

नादारीच्या अर्जात सर्वांत जास्त चुका या ठिकाणी होतात. समोरच्याने देणे थकवले, एवढ्यावर न्यायालय त्याला नादार ठरवत नाही. १९२० च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये सांगितलेले ‘नादारीचे कृत्य’ त्याने केले असले पाहिजे. मालमत्ता किंवा तिचा काही भाग घेणेकऱ्यांना चकवण्याच्या अथवा त्यांची वसुली लांबवण्याच्या हेतूने हस्तांतरित करणे. एका लाडक्या घेणेकऱ्याला झुकते माप देऊन त्याच्या नावे मालमत्ता करणे. त्याच हेतूने घर किंवा धंद्याची जागा सोडून निघून जाणे. घेणेकऱ्यांना संपर्कच साधता येणार नाही अशा रीतीने दडून बसणे. आपण देणी देणे थांबवले आहे किंवा थांबवणार आहोत असे घेणेकऱ्याला कळवणे. पैशाच्या हुकूमनाम्याच्या (न्यायालयाच्या डिक्रीच्या) अंमलबजावणीत मालमत्ता विकली जाणे किंवा कैद होणे, ही त्यांतली नेहमी आढळणारी कृत्ये आहेत.

‘मी आता कोणाचेच देऊ शकत नाही, काय करायचे ते करा’ असा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला संदेश अनेक जण रागाने पुसून टाकतात. तो संदेश देणी थांबवल्याची सूचना म्हणून नादारीच्या कृत्याचा पुरावा ठरू शकतो. तो जपून ठेवावा, फोन बदलू नये, आणि न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र सोबत जोडावे.

पोलिसांत गुन्हा नोंद होणे हे मात्र नादारीचे कृत्य नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा किंवा कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला असेल, तर त्यातील जबाब आणि पंचनामे पुरावा शोधायला उपयोगी पडतात, पण आरोप म्हणजे शाबिती नव्हे. दर कोसळल्याने किंवा गारपिटीने बुडालेला व्यापारी आणि गोदाम मेहुण्याच्या नावावर करून पळालेला व्यापारी यांत कायदा फरक करतो, आणि अर्जदारानेही तो करावा. पहिल्याच्या बाबतीत बसून हिशेब करणे आणि हप्ते ठरवणे जवळपास नेहमीच फायद्याचे असते.

हातात आधीच पैशाचा हुकूमनामा असेल तर १९७८ च्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडलेले आहे. हुकूमनामाधारक ऋणकोवर ‘नादारीची नोटीस’ बजावू शकतो. तिच्यात किमान एक महिन्याची मुदत द्यावी लागते, आणि त्या मुदतीत त्याने पैसे भरले नाहीत किंवा तारण दिले नाही, तर तेच नादारीचे कृत्य ठरते. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळालेली असेल तर ही नोटीस चालत नाही. हेतू सिद्ध करण्याची कटकट या मार्गात नसल्यामुळे, हुकूमनामा असलेल्याने आधी याचाच विचार करावा असे माझे मत आहे.

तीन महिन्यांचा हिशेब

घेणेकऱ्याच्या अर्जासाठी कलम ९ मध्ये तीन अटी आहेत. देणे, एकट्या अर्जदाराचे किंवा एकत्र अर्ज करणाऱ्या सर्वांचे मिळून, किमान ५०० रुपये असावे. १९२० सालचा हा आकडा तसाच राहिला असल्याने ती अट आज कोणाच्याही आड येत नाही. देणे ठरावीक रकमेचे असावे आणि ते आता किंवा निश्चित तारखेला देय असावे. तिसरी अट अशी की, ज्या नादारीच्या कृत्यावर अर्ज आधारलेला आहे ते कृत्य अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत घडलेले असावे.

उदाहरण घेऊ. सावद्याच्या एका काल्पनिक केळी व्यापाऱ्याने १२ जानेवारीला आपल्या गोदामाचे बक्षीसपत्र मेहुण्याच्या नावे केले. त्याच्याकडे सात शेतकऱ्यांचे मिळून ३८ लाख रुपये येणे आहे. फेब्रुवारीच्या शेवटी तो गायब झाला, मार्चमध्ये पोलिसांत तक्रार गेली, एप्रिलचा पहिला आठवडा ‘साहेब बघतो म्हणाले’ यात गेला. बक्षीसपत्र हेच नादारीचे कृत्य धरायचे असेल तर अर्ज १२ एप्रिलपर्यंत दाखल झाला पाहिजे. त्या दिवशी न्यायालय बंद असेल तर उघडल्या दिवशी दाखल करता येतो, एवढीच सवलत कायद्याने दिली आहे. उशीर माफ करण्याची सवलत या कायद्यात अपिलांना आहे, मूळ अर्जाला नाही. १३ एप्रिलला हे शेतकरी वकिलाकडे गेले तर त्यांना बक्षीसपत्र सोडून गायब होण्याच्या कृत्यावर अर्ज बांधावा लागेल, आणि त्यासाठी तो नेमका केव्हा आणि कोणत्या हेतूने गेला हे साक्षीने दाखवावे लागेल, जे नोंदणीकृत दस्तापेक्षा कितीतरी अवघड असते. दस्त करून देण्याची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असेल, तर सुरक्षिततेसाठी आधीची तारीख धरून चालावे.

मालमत्तेचा माग काढणे

हे काम वकिलावर सोडू नये. गावातल्या माणसालाच ते चांगले जमते. सुरुवात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चपासून करावी. गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकून सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, तो काढावा. त्या एका पानावर दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, लिहून देणाऱ्याचे आणि लिहून घेणाऱ्याचे नाव, दस्त करून दिल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख असते. मोबदल्याच्या रकान्यात शून्य आणि बाजारभावाच्या रकान्यात ४६ लाख असे दिसले, आणि घेणाऱ्याचे आडनाव व्यापाऱ्याच्या सासरचे निघाले, तर हे पान अर्जाचा कणा ठरते. त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मागवून ठेवावी. बक्षीसपत्राइतकेच हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र आणि विक्रीचा करारनामा यांकडेही लक्ष द्यावे. चतुर माणूस थेट बक्षीसपत्र करत नाही.

शेतजमिनीसाठी सातबारा आणि आठ-अ पुरेसे नाहीत, गेल्या दोन-तीन वर्षांचे फेरफार पाहावेत. तलाठ्याकडे नुकतीच दाखल झालेली आणि अजून मंजूर न झालेली फेरफार नोंद दिसली तर तिच्यावर हरकत घेता येते का, हे त्याच दिवशी विचारावे. वाहने, जिनिंगची यंत्रे, चाळीतील किंवा शीतगृहातील माल, बँक खाती, पुढच्या व्यापाऱ्यांकडे असलेली त्याची येणी, यांची यादी करावी. दिल्ली-पंजाबच्या कोणत्या आडत्याकडे त्याचा माल जात होता हे ट्रकचालकाला आणि वाहतूकदाराला बहुधा ठाऊक असते, आणि त्या आडत्याकडे अडकलेले पैसे हीसुद्धा त्याची मालमत्ताच असते.

काय हाती लागणार नाही, हेही आधी पाहून घ्यावे. मिळकत बँकेकडे गहाण असेल तर बँकेचा हक्क नादारीच्या बाहेर राहतो आणि ती आपले तारण आपल्या मार्गाने विकू शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली जप्तीतून सूट असलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ शेतकऱ्याचे राहते घर आणि शेतीची अवजारे, नादारीतही वाटपाला येत नाहीत. नंदुरबार जिल्ह्यात आणि शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्याकडील पट्ट्यात जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ची बंधने लागतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीविना ती बिगर आदिवासीकडे जात नाही. एवढे वजा करून काही उरत नसेल, तर नादारीचा अर्ज म्हणजे निष्कारण खर्च आहे.

आपले येणे पक्के करणे

नुकसानभरपाईसारखी न ठरलेली रक्कम या अर्जात चालत नाही. वजनकाट्याच्या पावत्या, हिशेबपट्टी, बिले, ई-वे बिल, बँकेचा खातेउतारा, न वटलेले धनादेश आणि बँकेचा परतीचा मेमो एकत्र करून प्रत्येकाच्या येण्याचा स्वतंत्र तक्ता करावा. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी मुदतीचा कायदा साधारणतः तीन वर्षे देतो. त्या मुदतीच्या आत ऋणकोने लेखी कबुली दिली असेल तर मुदत कबुलीपासून नव्याने मोजली जाते. मालाऐवजी व्याजाने पैसे दिलेले असतील तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आधी वाचावा. सावकारीचा परवाना नसताना व्याजाचा धंदा करणाऱ्याचा दावा न्यायालयात टिकत नाही, आणि उलट त्याच्याच मागे चौकशी लागते.

धनादेशाची कारवाई सोडून देऊ नये. तो न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची वाट, आणि त्यानंतर एक महिन्यात फिर्याद, हा क्रम नादारीच्या अर्जाबरोबरच चालवावा.

अर्ज आणि त्यासोबतची अंतरिम मागणी

घेणेकऱ्याच्या अर्जात ऋणकोचे नाव, राहण्याची आणि धंद्याची ठिकाणे, अर्जदाराच्या येण्याचा तपशील, आणि नेमके कोणते नादारीचे कृत्य कोणत्या तारखेला घडले हे लिहावे लागते. ‘त्याने वेळोवेळी मालमत्ता विकली’ असे मोघम वाक्य अर्ज बुडवते. प्रत्येक कृत्य वेगळ्या परिच्छेदात, तारीख, दस्त क्रमांक आणि लाभार्थी यांसह लिहावे आणि दाव्याप्रमाणे त्याचे सत्यापन करावे. तारण असलेल्या घेणेकऱ्याला अर्ज करायचा असेल तर त्याने तारण सर्वांच्या हितासाठी सोडतो असे सांगावे, किंवा तारणाची किंमत लावून उरलेल्या रकमेपुरता अर्ज करावा. शक्य तेवढ्या घेणेकऱ्यांनी एकत्र यावे. खर्च विभागला जातोच, शिवाय एकट्याला रात्री घरी बोलावून तडजोडीत गुंडाळण्याची ऋणकोची सवयही मोडते.

मूळ अर्जाबरोबरच अंतरिम अर्ज दाखल केला नाही, तर सुनावणीच्या पहिल्या तारखेपर्यंत शीतगृह रिकामे झालेले असते. कलम २० खाली अंतरिम रिसिव्हर (मालमत्ता ताब्यात घेऊन सांभाळण्यासाठी न्यायालयाने नेमलेली व्यक्ती) मागता येतो आणि कलम २१ खाली ऋणकोकडून हजेरीचे तारण, त्याच्या ताब्यातील मालमत्तेची प्रत्यक्ष जप्ती आणि प्रसंगी अटकेचे वॉरंटही मागता येते. जप्ती आणि अटकेसाठी मात्र तो पळाला आहे किंवा पळण्याच्या बेतात आहे, मालमत्ता लपवतो आहे किंवा कागदपत्रे नष्ट करतो आहे, असे न्यायालयाला पटले पाहिजे. आर्थिक गैरव्यवहाराचा आरोप खऱ्या अर्थाने येथे कामाला येतो. गोदामातून रात्री माल हलवला जात असल्याचे पाहणाऱ्या हमालाचे शपथपत्र, तारीख-वेळेसह छायाचित्रे आणि इंडेक्स टूची प्रत यांचे वजन ‘आरोपी अत्यंत लबाड आहे’ अशा पानभर मजकुरापेक्षा जास्त असते. अंतरिम रिसिव्हरच्या सुरुवातीच्या खर्चासाठी काही रक्कम बाजूला काढून ठेवणे शहाणपणाचे.

एकदा दाखल केलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. दबाव टाकायला अर्ज करू आणि पैसे मिळाले की काढून घेऊ, हा विचार त्यामुळे मुळातच चुकीचा आहे. अर्ज खोडसाळ ठरला तर कलम २६ खाली ऋणकोला देवविण्याची भरपाई १,००० रुपयांपर्यंतच असली, तरी वाया गेलेला काळ त्याहून महाग पडतो.

सुनावणीत समोरून काय येईल

नोटीस समन्सप्रमाणे बजावली जाते. ऋणको हजर झाला की त्याची उत्तरे बहुधा ठरलेली असतात: देणे वादग्रस्त आहे, मालात नासाडी निघाली होती, बक्षीसपत्र कौटुंबिक वाटणीचा भाग होते, आणि मी सर्व देणी देण्यास समर्थ आहे. शेवटचा मुद्दा गांभीर्याने घ्यावा, कारण तो देणी देऊ शकतो असे त्याने न्यायालयाला पटवून दिले तर अर्ज फेटाळला जातो. येथे त्याच्याकडे हिशेबाच्या वह्या मागाव्यात. कलम २२ प्रमाणे अर्ज दाखल करून घेतल्यानंतर सर्व वह्या हजर करणे आणि मालमत्तेची माहिती देणे हे त्याचे कर्तव्यच असते. समर्थ असल्याचा दावा करणाऱ्याची रोजकीर्द आणि खतावणी पाहिली की तो दावा किती खरा आहे ते उघड होते.

घेणेकऱ्याने आपले येणे, नोटिशीची बजावणी आणि नादारीचे कृत्य या गोष्टी सिद्ध केल्या की न्यायालय कलम २७ खाली नादार ठरवणारा आदेश देते आणि मुक्ततेसाठी, म्हणजे उरलेल्या देण्यांतून सुटका मिळण्यासाठी, नादाराने अर्ज करण्याची मुदत त्यातच ठरवून देते. आदेशाची प्रसिद्धी शासकीय राजपत्रात होते.

आदेशानंतरचे खरे काम

आदेशाबरोबर नादाराची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसिव्हरकडे जाते, आणि आदेशाचा परिणाम अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून धरला जातो. त्यानंतर कोणाही घेणेकऱ्याला न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्या मालमत्तेविरुद्ध स्वतंत्र वसुली करता येत नाही. ज्याची दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कारवाई) आधीच चालू आहे त्यालाही अर्ज दाखल करून घेतल्याच्या तारखेपूर्वी प्रत्यक्ष हाती आलेल्या रकमेपलीकडे फायदा राहत नाही. म्हणून आदेश झाला आहे असे कळताच, अर्जदार नसलेल्या घेणेकऱ्यांनीही आपले येणे शपथपत्राने सिद्ध करून यादीत नाव लावून घ्यावे. यादीत नाव नसेल तर वाटप होताना नुसते पाहत बसावे लागते.

फिरवलेली मालमत्ता परत आणण्याची कलमे येथे कामाला येतात. कलम ५३ नुसार हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर हस्तांतरण करणारा नादार ठरला, तर ते हस्तांतरण रिसिव्हर रद्द करून घेऊ शकतो. सद्भावनेने आणि पुरेसा मोबदला देऊन घेणाऱ्याला किंवा लग्नापूर्वी लग्नाच्या मोबदल्यात झालेल्या व्यवहाराला संरक्षण आहे. वरच्या उदाहरणातील मेहुण्याने एक पैसाही दिलेला नसल्याने तो या संरक्षणात बसत नाही. कलम ५४ लाडक्या घेणेकऱ्याला दिलेल्या झुकत्या मापासाठी आहे आणि त्याची मुदत तीन महिन्यांची आहे. रिसिव्हर हे अर्ज करत नसेल तर कलम ५४-अ खाली घेणेकरी स्वतः न्यायालयाच्या परवानगीने ते करू शकतो. रिसिव्हर सुस्त असणे ही तक्रार सर्रास ऐकू येते, पण या कलमाचा आधार घेणारे फारच थोडे दिसतात. हस्तांतरण दोन वर्षांहून जुने असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ खाली सर्व घेणेकऱ्यांच्या वतीने दावा करण्याचा वेगळा मार्ग आहे. तो लांबचा आहे.

वाटपात शासनाची आणि स्थानिक संस्थांची देणी तसेच नोकर-मजुरांचा ठरावीक मर्यादेतील पगार यांना अग्रक्रम असतो आणि बाकीचे घेणेकरी प्रमाणात वाटून घेतात. ३८ लाखांच्या येण्यावर गोदामातून निव्वळ २३ लाख उरले, तर प्रत्येकाला रुपयामागे सुमारे ६० पैसे मिळतील. हा आकडा सुरुवातीलाच सगळ्यांना समजावून सांगावा. ऋणकोने तडजोडीचा प्रस्ताव ठेवला तर सिद्ध झालेल्या घेणेकऱ्यांपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश यांची संमती लागते, आणि त्यावर न्यायालयाची मंजुरी लागते. घरच्याच माणसांची बनावट येणी यादीत घुसवून हे बहुमत जमवण्याचा प्रयत्न होतो, म्हणून यादीतील प्रत्येक नावाचे कागद पाहण्याचा हक्क बजावावा.

गैरवर्तनाची फौजदारी बाजू

नादाराने वह्या नष्ट केल्या, खोट्या नोंदी केल्या, मालमत्तेचा ताबा मुद्दाम दिला नाही किंवा ती लपवली, तर कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. यासाठी घेणेकरी थेट दंडाधिकाऱ्याकडे जात नाही; नादारी न्यायालय प्राथमिक चौकशी करून स्वतः लेखी तक्रार पाठवते, म्हणून अर्ज त्याच न्यायालयात करावा. घेणेकऱ्यांत वाटप होऊ नये म्हणून मालमत्ता लपवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२० खाली स्वतंत्र गुन्हाही आहे. मुक्तता न मिळालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता ५० रुपये किंवा त्याहून अधिक उधारी घेतली, तर तोही गुन्हा ठरतो. दुसऱ्या तालुक्यात नव्या नावाने गाळा उघडून पुन्हा माल उचलणाऱ्यांविरुद्ध हे कलम प्रभावी आहे. गाळा बाजार समितीच्या आवारात असेल तर परवान्याविषयी समितीकडेही लेखी तक्रार द्यावी.

मुक्ततेला हरकत आणि अपील

नादाराने ठरवून दिलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज केला नाही तर आदेशच रद्द होऊ शकतो, आणि मालमत्ता कोणाकडे राहील हे त्या वेळी न्यायालय ठरवते. म्हणून ती तारीख घेणेकऱ्यांनीही वहीत लिहून ठेवावी. त्याने अर्ज केला तर नोटीस मिळताच हजर राहून हरकत घ्यावी. मालमत्ता रुपयामागे ५० पैसेही भरत नाही आणि त्याचे समर्थनीय कारण नाही, नादारीआधीच्या तीन वर्षांत वह्या ठेवल्या नाहीत, देणी भागणार नाहीत हे ठाऊक असूनही धंदा चालू ठेवून माल उचलला, सट्ट्यात किंवा उधळपट्टीत पैसा घालवला, मालमत्ता लपवली, ही कलम ४२ मधील कारणे आहेत आणि त्यांतले एकही सिद्ध झाले तर न्यायालय बिनशर्त मुक्तता देऊ शकत नाही. मुक्तता मिळाली तरी फसवणुकीने किंवा लबाडीच्या विश्वासघाताने घेतलेले देणे कलम ४४ प्रमाणे माफ होत नाही. त्यामुळे आपले येणे फसवणुकीतून निर्माण झाले हे पहिल्या अर्जापासूनच कागदावर आणावे. नंतर ते मांडणे कठीण जाते.

जिल्हा न्यायालयाच्या आदेशावर उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत ९० दिवस आहे, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठापुढे चालते. मूळ आदेश दुय्यम न्यायालयाचा असेल तर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील करावे लागते. प्रमाणित प्रत मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून नक्कल मिळण्याचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्यावा आणि त्याची पावती जपून ठेवावी.